भोंग्यात भरलेला आवाज

ही घटना खरी आहे. या पानावर प्रत्येक जण हेच लिहितो, त्यामुळे माझ्या सांगण्याला फारशी किंमत नाही, हे मला माहीत आहे.

तरी लिहिते.

लिहिण्याआधी मी इथल्या पंचवीस-तीस कथा वाचल्या. अमावास्या. पिंपळ. बंद पडलेली गाडी. पांढऱ्या साडीतली बाई, जिचे पाय कुणीच आधी बघत नाही. ज्यांना याच गोष्टींची भीती वाटते, त्यांचा मला थोडा हेवा वाटतो.

माझ्याकडे रात्रसुद्धा नाही. दुपारचे साडेचार वाजले होते. तारीख गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर. जागा आमचं वावर, म्हणजे शेत. कारंजा घाडगेहून नागपूर-अमरावती हायवे सोडला की दोन किलोमीटर आत.

त्याच्या आदल्या दिवशी माझ्या वडिलांची तेरवी झाली होती.

मी मंजुषा. नागपूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वडील मनोहरराव, वय एकाहत्तर. एक नोव्हेंबरला सकाळी वांग्याच्या ओळीत बसले आणि उठलेच नाहीत.

आमच्याकडे भाजीपाला पिकवायचा म्हणजे रानडुकरांशी आणि रोह्यांशी, म्हणजे नीलगाईंशी, कायमचं भांडण. पूर्वी माणसं रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवायची. आता भोंगा असतो. बांबूवर बांधलेला, बॅटरीवर चालणारा. त्यात आपलाच आवाज भरायचा आणि संध्याकाळी चालू करून द्यायचा. तो सकाळपर्यंत ओरडतो.

माणूस घरात झोपतो. त्याचा आवाज जागल करतो.

बाबांनी भरलेला आवाज वीस सेकंदांचा होता. आधी एक लांब हाळी. मग, "निंघ! निंघ साल्या, पाह्यतो तुले!" आणि शेवटी खोकला.

खोकला चुकून भरला गेला होता. त्यांनी तसाच ठेवला. म्हणायचे, "डुकराले समजलं पाह्यजे ना, अंदर माणूस हाये म्हणून."

ते गेले त्या दिवशी संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. आमचं घर वावराच्या कडेलाच आहे. सहा वाजले...

आणि बाबा ओरडले.

आई ताडकन उभी राहिली.

आमचा सालदार तानबा वीस वर्षं आमच्याकडे आहे. त्यानं रोजच्या वेळेला रोजचं काम केलं होतं. मी त्याला म्हटलं, "तानबा, आज तरी राहू द्यायचं."

तो शांतपणे म्हणाला, "ताई, डुक्कर सुतक पायते का?"



तेरा दिवस हे चाललं. माझी आई वच्छलाबाई संध्याकाळी सहाला उंबऱ्यावर येऊन बसायची. कुणाशी बोलायची नाही. वीस सेकंद आवाज, चाळीस सेकंद शांतता, पुन्हा आवाज. ती त्या चाळीस सेकंदांत श्वास रोखायची.

तेरवीला नातेवाईक आले. ज्यांनी बाबांना सात वर्षांत फोन केला नव्हता, ते लाडू किती मऊ झालेत यावर बोलत होते. बाबांचे चुलतभाऊ भैय्याजी संध्याकाळच्या पंगतीतून ओरडले, "पाहा बाप्पा! मनोहर मेला तरी कोकलूनच राह्यला!"

पत्रावळीवर बसलेली सगळी माणसं हसली.

मला ते सहन झालं नाही. त्यांचं हसणंही नाही, आणि माझ्या बापाचा आवाज डुकरांच्या कामाला लावलेला असणंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला मी एकटी भोंग्यापाशी गेले. तो कायमचा बंद करायचा होता मला.

त्याच्या मागे दोन बटणं होती. एक काळं. एक लाल.

शिकलेल्या माणसाला वाटतं, लाल म्हणजे बंद.

मी लाल दाबलं. काही झालं नाही म्हणून दाबूनच ठेवलं. माझी बांगडी भोंग्याच्या पत्र्यावर आपटली. मी सुस्कारा टाकला आणि म्हटलं, "बस झालं आता."

मग सोडलं. एक बारीक हिरवा दिवा लागला आणि विझला.

संध्याकाळी सहाला तानबानं भोंगा चालू केला...

आधी नुसती खरखर.

मग बांगडी.

मग एका बाईचा सुस्कारा, आणि दोन एकरांवरून घुमत आलेलं, "बस झालं आता."

तानबा धावत आला. "ताई, लाल बटन दाबलं का जी? लाल म्हणजे भराचं. पहिलेचं समदं पुसून जाते त्याच्यानं."

आई उंबऱ्यावरच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"फोनवर बी तू त्यायले असंच म्हने," एवढंच म्हणाली.

ते खरं होतं. बाबा दर रविवारी फोन करायचे. टोमॅटोवरचा करपा, डुकरं, पुन्हा टोमॅटो. मी फोन टेबलावर ठेवून पुस्तक वाचत असे. दहा मिनिटांनी मीच म्हणायचे, बस झालं आता, ठेवते.

त्यांच्या आवाजाचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. चारशे पुस्तकं विकत घेणाऱ्या मुलीनं बापाचं एक वाक्य साठवलेलं नव्हतं.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी म्हणाली, "त्यायचा आवाज मले आणून दे. कसा बी आण."

मी तिला शब्द दिला.

तानबानंच वाट सांगितली. "पोट्ट्यायपाशी असन ना. त्यायनं गाण्यात टाकला होता."

"कुठली पोट्टी?"

"ते नाई का, कोठ्यात धिंगाणा करतेत ते."

बैल विकल्यापासून आमचा कोठा रिकामा होता. गेल्या वर्षीपासून तिथे कारंज्यातली तीन मुलं गिटार आणि ड्रम घेऊन सरावाला येत होती. बाबांनी त्यांना जागा दिली होती. कारण साधं होतं. ही मुलं वाजवायला लागली की डुकरं त्या बाजूला फिरकत नसत.

हे ऐकून मला हसू आलं. कलेचा याहून प्रामाणिक उपयोग मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही.

त्यांच्या बँडचं नाव होतं रोही. मी मोबाईलवर शोधलं. एकटे तेच नव्हते. वर्ध्यात दोन बँड होते, आर्वीला एक, हिंगणघाटला एक. एकाचं नाव लोडशेडिंग, एकाचं फाटक बंद. सगळे आपली गाणी आपणच बनवून इंटरनेटवर टाकत होते आणि आपणच एकमेकांना शाबासकी देत होते. वर्ध्यात नालवाडीच्या एका गच्चीवर काळे टी-शर्ट घालून उभी असलेली मुलं, चेहऱ्यावर जगाचा राग, आणि मागे आईनं वाळत घातलेल्या कुरड्या.

शब्द तर विचारूच नका. "मी रोही, मी रोही, मले कुंपण नाई." हे चार वेळा. कवितेच्या नावाखाली चाललेल्या या प्रकाराला विद्रोह म्हणतात, असं खालच्या प्रतिक्रियांवरून समजलं.

मी रात्रीपर्यंत अकरा गाणी ऐकली. तीन पुन्हा ऐकली. हे लिहायला मला अजून लाज वाटते.

रोहीचं एक गाणं मात्र मी तेव्हा लावलं नाही. त्याचं नाव 'जागल'. मे महिन्यात कोठ्यात भरलेलं, जूनमध्ये टाकलेलं. त्याच्याखाली एकानं लिहिलं होतं, "दोन मिनिटं अकरा सेकंदांवर आबाजींचा आवाज येतो. अंगावर काटा."

आबाजी म्हणजे बाबा. ते मला मोबाईलच्या चिमुकल्या भोकातून ऐकायचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी कोठ्यात गेले.

गव्हाणीवर लॅपटॉप ठेवला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. हर्षित गिटार वाजवायचा, त्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ड्रमवर अनुप. गाणारी दिपाली, वीस वर्षांची, केस एका बाजूनं भादरलेले.

"ताई, आबाजीचं ऐकून भल्लं वाईट वाटलं जी," हर्षित म्हणाला. "आमी तेरवीले येणार होतो. पण तुमी..."

"मी काय?"

"तुमी रागावता म्हणत आबाजी."

अनुपनं त्याला कोपरानं ढोसलं. "चूप ना बे."

दिपाली म्हणाली, "ते रोज बसत इथं, ताई. त्या पोत्यावर. आमी थांबलो का म्हणत, काऊन थांबले बे? डुक्कर येऊन राह्यलं ना!"

तिघंही हसली. मला कळलं की या मुलांनी माझ्या बापाला माझ्यापेक्षा जास्त वेळ ऐकलं होतं. आणि मी त्यांच्या शब्दांची टिंगल करत होते.

"लावा," मी म्हटलं.

गाणं सुरू झालं. ड्रमचा ठोका जरा पुढे पळत होता. गिटार कर्कश. पण दिपालीचा आवाज खालून वर आला, आणि मी टीका करायची विसरले. वावर, काळोख, जागा असलेला एक म्हातारा. एवढंच होतं त्यात. त्यातला म्हातारा खरा होता.

एक मिनिट पन्नास सेकंद.

दोन मिनिटं.

"आता," दिपाली कुजबुजली.

सगळी वाद्यं एकदम थांबली...

खरखर.

मग बांगडी. पत्र्यावर आपटलेली.

मग सुस्कारा.

"बस झालं आता."

माझा आवाज.

गाणं पुढे सुरू झालं आणि संपलं.

मी म्हटलं, "ही थट्टा असेल तर फार खालच्या दर्जाची आहे."

हर्षितचा चेहरा उतरला होता. "ताई, आईची शप्पथ. आमी हातबी नाई लावला." त्यानं भराभर सगळं उघडून दाखवलं. बारा मे ही तारीख. गाण्याच्या आधीची, नुसती बाबांचा आवाज असलेली फाईल. त्यात तेच. अनुपच्या मोबाईलमध्ये. तेच. इंटरनेटवर, जिथे जूनपासून कुणी बदल केलेला नव्हता...

तेच.

सहा महिन्यांपूर्वी मी नागपूरला होते. तेव्हा माझ्या हातात बांगडीही नव्हती. ती आईनं बाबा गेल्यानंतर स्वतःच्या हातातून काढून मला दिली होती.

दिपाली हळूच म्हणाली, "ताई, तुमी हे कवा म्हटलं होतं?"

मी बाहेर आले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी कारणं शोधली. लॅपटॉप, इंटरनेट, कुठेतरी जुळलेल्या फाईली. प्रत्येक कारण भोंग्यापाशी येऊन अडत होतं. तो भोंगा कशालाच जोडलेला नाही. तो बांबूला सुतळीनं बांधलेला आहे.

दोन दिवसांनी भैय्याजींचा फोन आला.

"काय वं मंजुषा, मी तेरवीच्या दिवशी भोंग्याचा व्हिडिओ काढला होता. मनोहरचा आवाज म्हणून. त्याच्यात तू काऊन बोलून राह्यली?"

त्यांनी तो पाठवला. बांबू, भोंगा, पंगतीत बसलेली माणसं. डाव्या कडेला मीसुद्धा आहे, हातात पाण्याचा तांब्या, तोंड घट्ट मिटलेलं.

आणि भोंग्यातून मी म्हणते आहे, "बस झालं आता."

जे मी दुसऱ्या दिवशी म्हणणार होते.

माणसं हसताहेत.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. शोधते आहे म्हटलं. नागपूरची रजा वाढवली.

तानबा तेवढा खूश होता. "ताई, तुमच्या आवाजाले डुक्करं भल्ले भेतेत जी. आबाजीच्या आवाजाले आठवड्यातून एखांदं तरी येऊनच जाये. आता एकबी नाई."

मग दिपाली घरी आली. कारंज्यातल्या एका लॉनवर तेवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता पाचही बँड वाजवणार होते. ती म्हणाली, "ताई, फाईल जाऊ द्या. पोट्ट्यायले आबाजीची हाळी तोंडपाठ हाये. आमी थांबलो का समदे मिळून ओरडतेत. खोकल्यासकट! तुमी या. मोबाईलमधे भरून घ्या."

ही युक्ती मला पटली. आवाज पुसला गेला असेल, पण दीडशे पोरांच्या घशात त्याची नक्कल होती. नक्कल तर नक्कल. आईला तेवढं तरी.

लग्नासाठी बांधलेल्या स्टेजवर, 'शुभविवाह' लिहिलेल्या कमानीखाली विद्रोह चालू होता. ऊन अजून भिंतीवर होतं. समोसे तळले जात होते. मी मागे उभी राहिले, मोबाईल वर धरून. पहिले तीन बँड मी वाईट म्हणायच्या तयारीनं ऐकले. तिसरा वाईट नव्हता.

शेवटी रोही आले. शेवटचं गाणं 'जागल'.

पोरं पहिल्या ओळीपासून सोबत गात होती. माझ्या पुढे उभी असलेली एक मुलगी डोळे मिटून गात होती. मला माझ्या बापाचा अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही उशिरा.

दोन मिनिटं झाली.

अनुपनं काठ्या वर धरल्या. सगळं थांबलं...

दीडशे पोरांनी एकदम श्वास सोडला.

तो सुस्कारा होता. माझाच, तेवढ्याच लांबीचा.

"बस झालं आता."

ओरडून नाही. माझ्यासारखंच. थोडं कंटाळून, थोडं हिणवून, समोरचा माणूस ऐकण्याच्या लायकीचा नाही अशा सुरात. पुढची मुलगी डोळे मिटूनच तसं म्हणाली. समोसे तळणारा माणूससुद्धा म्हणाला.

मग ड्रम वाजला आणि सगळी नाचायला लागली.

मी स्टेजमागे गेले. दिपाली घाम पुसत होती.

"तू म्हणाली होतीस हाळी देतील."

"कोणती हाळी, ताई?"

"बाबांची. आबाजींची. गाण्यातली."

ती माझ्याकडे काळजीनं बघायला लागली. "ताई, गाण्यात तं तुमचंच हाये ना. पहिल्यापासून. आबाजी फक्त बसत इथं."

"त्या दिवशी कोठ्यात तूच घाबरली होतीस."

"मी?" तिनं हर्षितकडे पाहिलं. तो गिटारची वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. पण त्याचे हात थांबले होते.

घरी येऊन मी ती जूनमधली प्रतिक्रिया शोधली. ती तिथेच होती. त्याच माणसाची, त्याच तारखेची.

"दोन मिनिटं अकरा सेकंदांवर त्या बाईंचा आवाज येतो. अंगावर काटा."

दुसऱ्या दिवशी मी तानबाला विचारलं, भोंग्यात आधी कुणाचा आवाज होता.

"तुमचाच तं होता, ताई," तो म्हणाला, आणि हसला. मी चेष्टा करते आहे असं त्याला वाटलं.

याला आता चार महिने झाले. मी नोकरी सोडली नाही, फक्त दर शनिवारी कारंज्याला येते.

इथे लिहायचं कारण सांगते. हे पान वर्धा, नागपूर, अमरावतीची पोरं वाचतात असं हर्षित म्हणाला. ज्यांच्याकडे मी नाक वर करून बघते, तेच तुम्ही आहात, आणि मला तुमच्याकडेच मागायचं आहे. तुमच्यापैकी कुणी 'जागल' नोव्हेंबरच्या आधी ऐकलं असेल, आणि त्यात एक म्हातारा माणूस ओरडलेला आठवत असेल, तर मला कळवा. गाणं पाठवू नका. आवाज कसा होता तेवढं लिहा. जाड होता की बारीक. कुठे फाटायचा.

कारण गेल्या शनिवारी संध्याकाळी आई उंबऱ्यावर बसली होती. वावरातून माझा आवाज येत होता. ती बराच वेळ ऐकत राहिली.

मग म्हणाली, "मंजू, त्यायचा आवाज कसा होता वं?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"मले याद नाई येऊन राह्यला. चेहरा दिसते. तोंड हालते. आवाज नाई. तू म्हणून दाखव ना एकडाव. ते डुकराले म्हणत ते."

शब्द मला पाठ होते. मी घसा खाकरला. लांब हाळी दिली. "निंघ! निंघ साल्या, पाह्यतो तुले!" शेवटी खोकलेसुद्धा.

आईनं मान हलवली.

"हा तं तुहाच हाये," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी अजून प्रयत्न करते. दुपारी, घरात कुणी नसताना, दार लावून. शब्द सगळे येतात. डोळे मिटून मी त्यांना दर रविवारच्या फोनवर आठवते. टोमॅटो, करपा, डुकरं, पुन्हा टोमॅटो.

बोलतात तेच.

आवाज माझा असतो.